शिफारशींचे पुढे काय झाले, ते आधी सांगा

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"मी विद्यापीठात सहयोगी प्राध्यापक आहे आणि गेल्या दोन महिन्यांपासून विद्या परिषदेच्या नामनिर्देशन समितीची सदस्य-सचिव आहे. निरनिराळ्या समित्यांवरील अकरा जागा या सत्रात भरायच्या आहेत. सर्व शिक्षकांना दोनदा ई-मेल पाठवले, सूचनाफलकावर परिपत्रक लावले. तीन नावे आली आणि ते तिघेही गेली दहा-बारा वर्षे कुठल्या ना कुठल्या समितीवर आहेतच. विद्यार्थी प्रतिनिधीची जागा सलग दुसऱ्या वर्षी रिकामी आहे. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांपैकी एकांना विचारले, तर ते हसून म्हणाले, 'मॅडम, आम्हाला सह्या करायलाच बोलावतात.' आता कुलसचिव कार्यालयाकडून तोंडी निरोप आला आहे, की महिनाअखेरपर्यंत नावे आली नाहीत तर जागा थेट नेमणुकीने भरल्या जातील. समित्यांचे काम सक्तीचे करावे का? पदोन्नतीच्या गुणांशी जोडावे का? लोकांत आस्थाच उरलेली नाही, असे वाटू लागले आहे. खरे सांगायचे तर मी स्वतः सहा वर्षे अशा प्रत्येक ई-मेलकडे दुर्लक्ष केले आहे, त्यामुळे कुणाला आग्रह करताना जीभ अडखळते."

— एक सदस्य-सचिव

प्रिय सदस्य-सचिव,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटले, पण त्याकडे शेवटीच वळतो. आधी त्या तीन नावांविषयी. सर्वांना एकच ई-मेल पाठवून नावे मागितली की काय होते, याची मोजदाद झालेली आहे. अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील एका मोठ्या विद्यापीठाचा दाखला आहे. तिथल्या प्राध्यापक-सभेने तीन हजारांहून अधिक शिक्षकांना समित्यांवर काम करण्याचे आवाहन ई-मेलने केले आणि शंभरातले चार जणही पुढे आले नाहीत. तेव्हा आपल्याकडची माणसे विशेष निरुत्साही आहेत, असा निष्कर्ष काढण्याचे काही कारण नाही. जे पत्र सर्वांना जाते ते दुसऱ्या कुणासाठी तरी आहे, असे प्रत्येकजण धरून चालतो.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या पदाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. त्या विद्यापीठात नाव देण्याचे स्त्रियांमधील प्रमाण पुरुषांमधील प्रमाणाच्या दुपटीहून अधिक होते. पुढे संशोधकांनी काही प्रयोग केले. लहान गटातील कुणीतरी एकाने इतरांपेक्षा कमी मोबदला घेऊन सर्वांच्या फायद्याचे काम अंगावर घ्यायचे, अशी त्यांची रचना होती. मिश्र गटांत स्त्रिया पुरुषांपेक्षा जवळजवळ दीडपट वेळा पुढे आल्या, पण केवळ स्त्रियांचे आणि केवळ पुरुषांचे गट करून पाहिले तेव्हा हा फरक नाहीसा झाला. काम सांगणारा बाहेरचा कुणी असला, तरी तोही स्त्रियांकडेच अधिक वेळा वळला. म्हणजे हा स्वभावाचा प्रश्न नाही. "ती करेलच" ही सर्वांच्या मनातली अपेक्षा इथे काम करते. "इच्छुकांनी नावे कळवावीत" हे वाक्य वरवर निःपक्षपाती दिसते, पण ज्यांना नाही म्हणणे जड जाते त्यांच्या खांद्यावर ते अलगद ओझे ठेवते. म्हणून नावे कमी आली याची जितकी काळजी आपण करत आहात, तितकीच ती कुणाची आली आणि वर्षानुवर्षे कुणाची आलीच नाहीत, याचीही करावी.

आता आस्थेविषयी. लोकांत आस्था उरलेली नाही, हे मला पटत नाही. परीक्षेच्या वेळापत्रकात बदल झाल्याचे परिपत्रक येऊ द्या आणि शिक्षक कक्षात पाच मिनिटे बसा. आस्था किती आहे ते आपल्याला कळेल. ती समितीच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही, कारण तिथे बोललेल्याचे पुढे काही होते यावरचा विश्वास उडालेला असतो. मी नोकरीत असताना पुनर्मूल्यांकनाच्या नियमांचा फेरविचार करणाऱ्या एका समितीत होतो. आठ महिन्यांत आम्ही अकरा बैठका घेतल्या, शेकडो अर्ज चाळले आणि अहवाल सादर केला. अहवालाची पोच मिळाली आणि त्यानंतर दोन वर्षे एक अक्षरही कुणी कळवले नाही. मग त्याच विषयावर, जवळपास त्याच कार्यकक्षेची नवी समिती नेमल्याचे पत्र आले आणि त्यात माझे नाव होते. आमच्या अहवालाचे काय झाले, असे मी विचारले, तेव्हा असा अहवाल असल्याचेच संबंधित कार्यालयात कुणाला माहीत नव्हते. मी "वैयक्तिक कारणास्तव" नकार कळवला. माझ्या त्या नकाराचीही नोंद बहुधा अनास्था म्हणूनच झाली असेल.

म्हणून माझा पहिला आणि मुख्य सल्ला असा, की नवीन नावे मागण्याआधी जुन्या शिफारशींचा हिशेब मांडावा. ज्या समित्यांवर जागा रिकाम्या आहेत, त्यांची गेल्या तीन वर्षांची इतिवृत्ते काढून बसा. प्रत्येक शिफारस, तिची तारीख आणि तिचे पुढे काय झाले, एवढेच एका तक्त्यात लिहा: अमलात आली, बदल करून अमलात आली, नाकारली गेली, उत्तर आले नाही. हे काम कंटाळवाणे आहे आणि चौथा प्रकार इतका मोठा निघेल, की तक्ता कुणाला दाखवावा की नाही असा प्रश्न आपल्याला पडेल. दाखवावाच, परंतु परस्पर वाटू नये. आधी तो कुलगुरूंच्या आणि कुलसचिवांच्या कार्यालयाला नम्र पत्रासोबत पाठवून पंधरा दिवसांत माहिती पूर्ण करून देण्याची विनंती करावी. माझा अनुभव असा, की आपल्या विभागाचे नाव "उत्तर आले नाही" या रकान्यात पाहायला कुणालाच आवडत नाही आणि वर्षानुवर्षे न हललेल्या कागदांना अशा वेळी पाय फुटतात. त्यानंतर तो तक्ता सर्वांसाठी खुला करा. आपल्या दोन ई-मेलनी जे साधले नाही, ते या एका कागदाने साधण्याची शक्यता अधिक आहे, कारण समितीत बसल्याने काय बदलले याचा पुरावा लोकांना त्यात पहिल्यांदाच दिसेल. आणि काय बदलले नाही, तेही दिसेल.

पुढच्या वर्षी हा तक्ता पुन्हा खणून काढावा लागू नये, यासाठी विद्या परिषदेत एक साधा ठराव आणावा: कोणत्याही समितीच्या लेखी शिफारशीला ठरावीक मुदतीत, समजा पंचेचाळीस दिवसांत, लेखी उत्तर मिळेल आणि शिफारस नाकारली असेल तर उत्तरात कारणे असतील. या मागणीत क्रांतिकारक असे काहीही नाही. अमेरिकेत विद्यापीठांच्या कारभाराविषयी १९६६ साली एक निवेदन तयार झाले. ते प्राध्यापकांच्या संघटनेने एकटीने लिहिलेले नव्हते. विद्यापीठांच्या प्रमुखांचे आणि नियामक मंडळांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या संघटनांनीही ते मिळून घडवले होते. अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, संशोधन आणि अध्यापकांच्या नेमणुका यांत प्राथमिक जबाबदारी अध्यापकांची आहे, असे त्यात म्हटले आहे. नियामक मंडळाने किंवा विद्यापीठाच्या अध्यक्षाने त्यांच्या मताविरुद्ध निर्णय केवळ अपवादात्मक परिस्थितीत आणि कारणे अध्यापकांना कळवून घ्यावा, असेही त्यात आहे. मला या सगळ्या निवेदनातला सर्वांत उपयोगी भाग "कारणे कळवून" हाच वाटतो. अंतिम अधिकार कुणाचा, यावर वाद घालत पिढ्या गेल्या तरी चालतील. पण नकाराची कारणे लिहावी लागली, की नाकारणाऱ्याला आधी शिफारस वाचावी लागते.

याला जोडून आणखी एक काम आहे. आपल्या अकरा जागा ज्या समित्यांवर आहेत, त्यांतील प्रत्येकीला नेमका कोणता अधिकार आहे? काही समित्यांना फक्त माहिती दिली जाते, काहींचे मत विचारले जाते, काही शिफारस करतात आणि फारच थोड्या समित्या स्वतः निर्णय घेतात. हे चारही प्रकार योग्य आहेत, परंतु मत विचारण्यासाठी बोलावलेल्या माणसाला आपण निर्णय घेत आहोत असे वाटू दिले, तर तो पुढच्या वर्षी येत नाही आणि इतर दहा जणांना का येऊ नये ते सांगतो. प्रत्येक समितीच्या माहितीपत्रकावर पहिल्याच ओळीत हे स्पष्ट लिहावे. "आम्हाला सह्या करायलाच बोलावतात," असे जे आपल्याला ऐकावे लागले, त्यामागे बहुतेक वेळा हीच फसगत असते.

त्या कर्मचाऱ्यांचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना समितीवर घेताना आपण एक जागा राखून ठेवतो आणि प्रश्न सुटला असे समजतो. पण बैठकीला जाण्यासाठी त्यांना वरिष्ठांची परवानगी लागते, तेवढ्या वेळाचे टेबलावरचे काम संध्याकाळी थांबून उरकावे लागते आणि अनेकदा त्यांचा गोपनीय अहवाल लिहिणारे अधिकारी त्याच मेजाभोवती बसलेले असतात. अशा ठिकाणी शहाणा माणूस गप्प बसतो. बैठकीचा वेळ कामाचाच वेळ आहे असे परिपत्रक काढून घ्या, प्रतिनिधीची निवड कर्मचाऱ्यांनी स्वतः गुप्त मतदानाने करावी अशी व्यवस्था करा आणि ज्यांच्या हाताखाली ते काम करतात त्यांनाच त्या समितीचे अध्यक्ष करू नका. नियम कागदावर कसा आहे हे प्राध्यापक सांगू शकतात, पण तो खिडकीवर प्रत्यक्ष कसा चालतो हे फक्त खिडकीमागच्या माणसाला माहीत असते. निकालाची तारीख ठरवणाऱ्या एका बैठकीत आम्ही दहा विद्वान तासभर चर्चा करून एका तारखेवर एकमताने आलो होतो, आणि गुणांची नोंद करणारे लिपिक, जे केवळ कागद वाटण्यासाठी आत आले होते, त्यांनी हळूच सांगितले, की त्या आठवड्यात गुणनोंदणीची संगणकप्रणालीच देखभालीसाठी बंद असते.

विद्यार्थ्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि जुनाही आहे. इटलीतील बोलोन्याच्या मध्ययुगीन विद्यापीठात कारभाराची सूत्रे कायदा शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांच्या संघाकडे होती. व्याख्यान उशिरा सुरू करणाऱ्या शिक्षकाला दंड होई आणि गाव सोडून जायचे तर त्याला परवानगी घ्यावी लागे. पॅरिसमध्ये याउलट शिक्षकांचा संघ म्हणजेच विद्यापीठ होते. पुढे शतकानुशतके पॅरिसचाच नमुना वरचढ राहिला. १९१८ साली अर्जेंटिनातील कोर्दोबा येथील विद्यार्थ्यांनी संप करून विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांना वाटा असावा अशी मागणी केली आणि ती चळवळ लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांत पसरली. मग किती वाटा द्यायचा, हा प्रश्न आला. त्यावर पश्चिम जर्मनीच्या संघीय संविधान न्यायालयाने २९ मे १९७३ च्या निकालात काढलेला मार्ग मला विचार करण्याजोगा वाटतो. अध्यापक, विद्यार्थी आणि कर्मचारी अशा गटांनी मिळून विद्यापीठ चालवणे न्यायालयाने मान्य केले, मात्र अध्यापनाशी थेट संबंधित निर्णयांत प्राध्यापकांच्या गटाला निम्मी मते आणि संशोधन व प्राध्यापकांच्या नेमणुका यांविषयीच्या निर्णयांत निर्णायक मते असली पाहिजेत, असे ठरवले. तो निकाल त्या देशापुरता आहे आणि त्यावर टीकाही झाली. तरी प्रत्येकाचे वजन प्रत्येक विषयात सारखे असण्याची गरज नाही आणि तेवढ्यासाठी कुणाला दाराबाहेर ठेवण्याचीही नाही, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

आपल्या रिकाम्या जागेपुरते बोलायचे, तर एकच विद्यार्थी बारा शिक्षकांत बसवणे म्हणजे त्याला शोभेची वस्तू करणे होय. एकाऐवजी दोन जागा असाव्यात: एक वरच्या वर्गातला, एक खालच्या वर्गातला, म्हणजे पहिला बाहेर पडताना दुसऱ्याला कामाची माहिती असते. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत निघून जातो आणि समितीतले विषय चार-चार वर्षे रेंगाळतात, ही यातली खरी अडचण आहे, आणि ती त्याच्या आस्थेने सुटणारी नाही. प्रत्येक बैठकीच्या आदल्या दिवशी कुणीतरी त्या दोघांसोबत वीस मिनिटे बसून विषयपत्रिका समजावून सांगावी. जुने संदर्भ, संक्षिप्त रूपे आणि गेल्या वर्षी कोण कुणावर रागावले होते, यांतले निदान पहिले दोन त्यांना कळायला हवेत. बैठका परीक्षेच्या काळात ठेवू नयेत. आणि विद्यार्थ्यांना फक्त वसतिगृहाच्या आणि स्नेहसंमेलनाच्या समित्यांवर बोलावून अभ्यासक्रमाच्या समितीबाहेर ठेवले, तर त्यांनी पाठ फिरवली याचे आश्चर्य वाटून घेऊ नये. एखाद्या व्यक्तीची तक्रार, नेमणूक किंवा गुण असा गोपनीय विषय असेल, तेवढ्यापुरते त्यांना बाहेर थांबवण्याचा नियम आधीच लिहून ठेवावा. तो ऐनवेळी काढला, की अपमान होतो.

यानंतर मी आपल्याला थोडे उलटे वाटेल असे सुचवणार आहे. अकरा जागा भरण्याआधी, त्यांतल्या किती रद्द करता येतील ते पाहा. समिती नेमणे हा विद्यापीठांचा अंगवळणी पडलेला प्रतिसाद आहे. काही घडले, की समिती नेमली जाते आणि ती विसर्जित करण्याची आठवण कुणालाच राहत नाही. ज्या समितीची वर्षभरात एकही बैठक झाली नाही, तिच्यावर माणूस नेमण्यात अर्थ नाही. ज्या दोन समित्यांची माणसे आणि विषय बरेचसे तेच आहेत, त्या एक कराव्यात. यापुढे विशिष्ट कामासाठी नेमलेल्या प्रत्येक समितीच्या आदेशातच तिच्या समाप्तीची तारीख असावी. अकराच्या सहा जागा झाल्या, तर उरलेल्या सहांसाठी माणसे मिळणे आपल्याला वाटते तितके अवघड राहणार नाही.

हे करण्याचा अधिकार आपल्या समितीला आहे का, अशी शंका आपल्याला येईल, कारण नामनिर्देशन समिती म्हणजे नावांची यादी करणारे कार्यालय अशीच सर्वत्र समजूत असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापकांनी १९१९-२० च्या सुमारास जो लढा दिला, त्यात एक मोठा मुद्दा हाच होता, की प्राध्यापक-सभेच्या समित्यांवर कुणी बसायचे हे विद्यापीठाच्या अध्यक्षांनी न ठरवता सभेने ठरवावे. तो अधिकार त्यांनी मिळवला. समितीत जे ठरते ते बरेचसे समितीत कोण आहे यावरच ठरते, हे त्यांना पक्के कळले होते. समित्या कमी करण्याचा अंतिम अधिकार आपल्याकडे नसेलही, पण कोणत्या जागा का भरू नयेत याची सकारण शिफारस करण्यापासून आपल्याला कुणी अडवणार नाही, आणि त्या शिफारशीचे पुढे काय होते, ते आपल्याच तक्त्यात दिसेल.

मग नावे कशी मागायची? प्रत्यक्ष भेटून, आणि त्या माणसालाच का विचारतो आहोत हे सांगून. "अंतर्गत मूल्यमापनाच्या पद्धतीविषयी आपण गेल्या सभेत जे बोललात, ते ज्या समितीत ठरते तिच्यावर एक जागा आहे. वर्षातून पाच बैठका, प्रत्येकी दोन तास, त्याआधी तीस-चाळीस पाने वाचावी लागतात. कार्यकाळ दोन वर्षांचा. नाही म्हणालात तर मी वाईट वाटून घेणार नाही आणि एक वर्ष पुन्हा विचारणार नाही." एवढे पुरेसे आहे. "अहो, काही काम नसते, फक्त नाव द्या," असे मात्र कधीही म्हणू नये. हे वाक्य बोलणाऱ्याला त्या क्षणी सोयीचे वाटते, पण त्यातून एक तर खोटे बोलल्याचे उघड होते किंवा, ते खरे असेल तर, समितीच निरुपयोगी असल्याची कबुली दिली जाते. ज्यांनी सभेत तक्रारी केल्या, वृत्तपत्रात पत्रे लिहिली, कुलगुरूंना निवेदने दिली, त्यांची यादी करा. तक्रार करणारा माणूस विषयाचा विचार करून बसलेला असतो, आणि त्याला बोलावणे अधिकाऱ्यांना सुरुवातीला रुचणार नाही.

नव्याने रुजू झालेल्यांना पहिले वर्ष मोकळे सोडावे. नोकरी कायम होण्याआधी एखाद्याला वादाच्या समितीवर बसवून परखड मताची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्यांना हवे तर निरीक्षक म्हणून बसू द्यावे. आपल्याकडे आलेली ती तीन नावे इथे उपयोगी पडतील. दहा-बारा वर्षे काम केलेल्या माणसांचे आभारच मानायला हवेत, परंतु ते असताना इतरांना वाटते, की करणारे आहेत, आपण कशाला. आणि त्यांनाही, मनात नसताना, खोली आपली वाटू लागते. सलग दोन कार्यकाळांनंतर एका कार्यकाळाचा खंड, असा नियम करून त्यांतील एकाला या वेळी नव्या सदस्यांना तयार करण्याचे काम द्यावे. त्यांना हे आपण स्वतः जाऊन सांगावे, परिपत्रकातून कळू देऊ नये.

सक्तीविषयी माझे मत स्पष्ट आहे: करू नये. सक्तीने गणपूर्ती होते, विचार होत नाही. पदोन्नतीच्या गुणांबाबत मी थोडा सावध आहे. समितीवरील कामाची दखल कुठेच घेतली जात नसेल, तर ते अन्यायाचे आहे, आणि आधी सांगितलेल्या अभ्यासाचा विचार केला तर तो अन्याय सर्वांवर सारखाही नसतो. पण केवळ सदस्यत्वाला गुण दिले, की सदस्यत्वाची प्रमाणपत्रे गोळा होऊ लागतात आणि बैठकीच्या खुर्च्या रिकाम्या राहतात. त्यापेक्षा जड जबाबदारीच्या पदांना, विशेषतः अध्यक्ष आणि सदस्य-सचिव यांना, अध्यापनाच्या कार्यभारात प्रत्यक्ष सवलत मिळावी, कारण वेळ हीच त्यांची खरी झीज आहे. इतर सदस्यांसाठी कार्यकाळाच्या शेवटी समितीच्या अध्यक्षांनी एक परिच्छेदाचे पत्र द्यावे, ज्यात त्या व्यक्तीने नेमके काय केले ते लिहिलेले असेल. काही केले नसेल, तर पत्र लिहिता येणार नाही. एवढी कसोटी पुरे. (हा सल्ला आपल्यालाही लागू आहे. आपल्या कार्यभारात सवलत मागितली आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही.)

बैठका चालवण्याविषयी फार लिहीत नाही, आपल्याला ते कळते. कागद आठवडाभर आधी जावेत, ऐनवेळचे विषय खरोखरच ऐनवेळचे असावेत, मागील इतिवृत्त कायम करण्यात अर्धा तास जाऊ नये, सर्वांत कठीण विषय सुरुवातीला घ्यावा आणि अध्यक्षांनी आपले मत सर्वांत शेवटी सांगावे. ठरलेल्या वेळी बैठक संपवावी. दोन तास सांगून चार तास बसवले, तर पुढच्या वेळी आपण दिलेल्या शब्दावर कुणी विश्वास का ठेवावा?

आता महिनाअखेरच्या निरोपाविषयी. तोंडी निरोपाला लेखी उत्तर द्यावे. त्यात तीन गोष्टी मागाव्यात: शिफारशींचा तक्ता पूर्ण होईपर्यंत एका महिन्याची मुदतवाढ, तोवर एखादी समिती अडून राहणार असेल, तर तेवढ्याच जागेवर पुढील निवडीपर्यंतची तात्पुरती नेमणूक, आणि नेमणूक तात्पुरती असल्याची इतिवृत्तात नोंद. प्रशासनाला रिकामी जागा ही अडचण वाटते, पण "पद रिक्त" ही इतिवृत्तातील नोंद निदान प्रामाणिक असते. आपल्या लक्षात असे आले, की एखाद्या समितीचे मत कुणालाच नको आहे, तिला केवळ सहभागाचा देखावा म्हणून ठेवले आहे, तर तिथे सहकाऱ्यांना पाठवण्यासाठी आपली पत खर्च करू नका. ती जागा रिकामीच राहू द्या आणि का राहिली ते लिहा.

नेहमीच्या बैठकांना गर्दी नसते, याचे फार वाईटही वाटून घेऊ नये. ऑक्सफर्डमध्ये "काँग्रिगेशन" नावाची सभा आहे. अध्यापक आणि वरिष्ठ कर्मचारी मिळून तिचे हजारो सदस्य आहेत आणि विद्यापीठाच्या कारभारात तिचा शब्द अंतिम असतो. एरवी तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष नसते. पण २००६ साली विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेत बाहेरच्या सदस्यांना बहुमत देणारा प्रस्ताव आला, तेव्हा सदस्य मोठ्या संख्येने आले आणि त्यांनी तो नाकारला. पुढे टपालाने मतदान झाले, त्यातही तो फेटाळला गेला. तो प्रस्ताव चांगला होता की वाईट, यावर आजही मतभेद असू शकतात. गरज पडेल तेव्हा ज्या दारातून आत जाता येईल असे दार तिथे होते, आणि ते उघडे ठेवण्याचे निरस काम मधल्या सगळ्या वर्षांत थोडी माणसे करत होती. आपण सध्या तेच करत आहात.

राहिली आपली सहा वर्षे. त्यांविषयी संकोच बाळगू नका, कारण या कामासाठी आपल्याजवळ असलेले ते सर्वांत चांगले साधन आहे. ई-मेल आला, की आपण नेमके काय वाचत होता, कोणत्या शब्दाशी थांबून तो बंद करत होता, कुणी समोर येऊन विचारले असते तर हो म्हणाला असता का, आणि शेवटी हे सचिवपद आपण का स्वीकारलेत, हे एका कागदावर लिहून काढा. पत्रात आपण सर्व सांगितलेत, हे एवढे मात्र सांगितले नाहीत. एखादा सहकारी विचारेल, "इतकी वर्षे तुम्ही तरी कुठे होतात?" तेव्हा तो कागद आठवा आणि जे खरे आहे तेच सांगा. मग त्यालाही त्याचे खरे कारण विचारा आणि ते तक्त्याच्या मागच्या बाजूला टिपून घ्या.